माझं बोचकं माझ्या नावावर

मंगळवार, ४ मार्च

म्हणे माझं बोचकं काढून टाकलंय! दोन वर्षांपूर्वीच! कुणी काढलं, कुणाला विचारून काढलं, आणि मी तेव्हा कुठं होते? खिडकीतला माणूस मान वर न करता सांगतो, "बाई, कॉम्प्युटरवर स्पष्ट दिसतंय. नदीपलीकडच्या दवाखान्यात तुमचं गर्भाशयाचं ऑपरेशन झालेलं आहे. एकच गोष्ट दोनदा काढायला मोफत उपचाराच्या सरकारी कार्डावर मंजुरी मिळत नाही."

मी म्हटलं, "अरे भल्या माणसा, काढलेलं असतं तर मी तुझ्या खिडकीशी कशाला आले असते? तुझं तोंड बघायला?"

"मला समोर दिसतं ते मी सांगतो."

"समोर मी आहे. मी दिसत नाही का?"

मागे रांगेतले हसले. मला हसू आलं नाही. उभं राहून राहून पायांत जीव उरला नव्हता. तो म्हणाला, त्या दिवशी कार्ड तुमचं होतं, फोटो जुळला, तुमच्या फोनवर आकडे आले तेही तुम्ही बरोबर सांगितलेत, म्हणून तर दाखल करून घेतलं. म्हणजे मी नसताना माझा फोटो जुळतो आणि मी असताना मी खोटी.

ही वही डॉक्टरीणबाईंनी लिहायला लावली. रक्त कधी जातं, चक्कर कधी येते, तेवढंच लिहायचं होतं. मी सांगितलं, बाई, माझं शिक्षण चौथीत संपलं, तेही मास्तरांच्या छडीनं. त्या म्हणाल्या, जसं बोलता तसं लिहा. तर बोलतेच आता. आज रक्त जास्त. चक्कर खिडकीवरून आल्यावर. डोकं फिरलेलं.

त्यांच्यासमोर मी पहिल्यांदा "बोचकं दुखतंय" म्हटलं, तेव्हा त्यांनी माझ्या पाठीमागं सामान शोधलं. त्यांना तरी कसं कळणार. आमच्या आईचा शब्द तो. बाईला जन्मभर वाहायला दिलेलं बोचकं, म्हणायची. आमच्या घराबाहेर तो कधी चालला नाही.

बुधवार, ५ मार्च

ह्यांना सांगितलं. रात्रपाळीची राखण करून आले होते, बूटही काढले नव्हते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चोरानं जगातली सगळी नावं सोडून तुझं उचललं? त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं, त्या नावाबरोबर तोंडही येतं." आणि घोरायला लागले. असा आधार.

संध्याकाळी धाकटी आली. धाकटी म्हणजे माझी बहीण. चेहरा अगदी माझा, पण देवानं माझ्यावर हात बसवून घेतला आणि तिच्यावर नीट काम केलं. नवरा सोडून गेला, तेव्हापासून घरीच मशीनवर कपडे शिवते. दोन गल्ल्या सोडून राहते. दहावीपर्यंत शिकली म्हणून माझे कागद, माझा फोन, सगळं तीच बघते. मला नुसतं बोट दाखवते, ताई इथं सही कर. मी करते.

तिला सांगितलं तर हातातला कप तसाच राहिला. चहावर साय धरली तरी ती कपात बघत होती.

"म्हणजे ऑपरेशन पुढं ढकललं का?"

"ढकललं कसलं, नाही म्हणाले. माझ्या पोटात काही नाहीच म्हणतात."

"मग आता काय होईल, ताई?"

"मला काय विचारतेस, मी काय कॉम्प्युटर आहे?"

थोड्या वेळानं पुन्हा तेच, "पण आता काय होईल?" शेवटी मीच तिला गप्प केलं. माझ्यापेक्षा तिला जास्त लागलं बिचारीला. जाताना विचारलं, तेव्हा माझ्या फोनवर म्हणे आकडे आले होते, तुला आठवतात का? म्हणाली, "किती मेसेज येतात ताई. कुठला कुठला लक्षात ठेवू?"

खरंच आहे. दिवसभर तो फोन टुकटुकत असतो.

शनिवार, ८ मार्च

कामावर गेले. हॉटेलांच्या चादरी काही माझ्या बोचक्यासाठी थांबत नाहीत. आमच्या धुलाईखान्यात चादर घडी घालायला दोघी लागतात. माझ्या जोडीला रेडिओ. बटण बंद होत नाही म्हणून तिला रेडिओ म्हणतात, खरं नाव तीही विसरली असेल. तिला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं, पण पोटात ठेवून ठेवून पोट फुटायची वेळ आली.

रेडिओ म्हणाली, "हल्ली नावंच चोरतात. माझ्या भाच्याच्या नावावर कुणीतरी मोटारसायकल घेतली. तू झेरॉक्स कुठं कुठं देतेस?"

मी आठवायला लागले. सिमकार्डवाल्याला दिली. घरमालकाला दिली. गॅसवाल्याला. तो पंख्याची सोडत म्हणून आला होता त्यालाही. पंखा काही लागला नाही.

"झालं तर," रेडिओ म्हणाली, "तू तर नाव वाटतच सुटलीस."

मग माझ्या डोक्यात आलं. कार्ड कामाच्या ठिकाणी कपाटात असतं. कुलूप कधी लावते, कधी नाही. चोरणारी बाईच असणार, आणि तिच्या पोटावर टाका असणार. कपडे बदलायच्या खोलीत मी सरळ रेडिओसमोर उभी राहिले. म्हटलं, पोट दाखव.

"काय?"

"दाखव म्हटलं ना."

तिनं वर केलं. "बघ! नीट बघ! चार बाळंतपणांची सुरकुती आहे, टाका दिसला तर मला दाखव, मीही बघते."

बाकीच्याही हसत हसत पुढं झाल्या. वाफेवर काम करणारी, मोजणीची, ती नवीन आलेली लाजरीसुद्धा. कुणाला मुलाच्या वेळचा टाका, कुणाला काही नाही. त्या वेळचे टाके दोन वर्षांपूर्वीचे नाहीत एवढं मलाही कळतं. रेडिओनं माझं नाव पोटतपासनीस ठेवलं. वर म्हणते, "आमची सगळ्यांची बघितलीस, घरच्यांची बघितलीस का?"

मी चादर तिच्या अंगावर टाकली. म्हटलं, माझ्या घरात एक नवरा आहे, त्याचं पोट मला तोंडपाठ आहे.

घरी येईपर्यंत दोनदा वाटेत बसावं लागलं. रक्त जास्त.

सोमवार, १० मार्च

दवाखान्याच्या भिंतीवर मोठा कागद लावलाय. नाव जपा, असं काहीतरी. रेडिओच्या भाचीनं सगळा वाचून दाखवला. फोनवर आलेले आकडे कुणाला सांगू नका. झेरॉक्स दिली तर तिच्यावर आडवं लिहा कशासाठी दिली. जन्मतारीख उगाच सांगू नका. जुने कागद फाडून टाका. फोनचा कोड बदला.

मी सगळं करायला घेतलं. मी काही अर्धवट करत नाही.

आज तपासणीला गेले तर नर्सबाई म्हणाली, जन्मतारीख सांगा. मी म्हटलं, कशाला? ती म्हणाली, कागदावर भरायला. मी म्हटलं, तुम्हाला माझा वाढदिवस करायचाय का? शेवटी डॉक्टरीणबाईंना बाहेर यावं लागलं. त्यांच्या कानात सांगितली.

जुन्या झेरॉक्सांचा गठ्ठा फाडत बसायला हातांत बळ नव्हतं, म्हणून कामावर नेला आणि गरम पाण्याच्या मशीनमध्ये टाकला. वाटलं, विरघळून जाईल. विरघळला, पण हॉटेलच्या चादरींना चिकटला. मुकादमानं मला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. चादरींवर माझंच तोंड जागोजागी, राखाडी रंगाचं.

संध्याकाळी धाकटीकडे. तिनं फोनचा नवीन कोड घालून दिला. मी म्हटलं, तूही ध्यानात ठेव, माझं डोकं हल्ली चाळणी झालंय.

तर ती म्हणाली, "मला नको सांगूस, ताई."

"का?"

"कुणालाच सांगायचा नाही ना, कागदावर लिहिलंय."

"तू कुणी आहेस का?"

तिनं फोन माझ्या हातात परत दिला. बघा, इतकी सरळ आहे. कार्ड, बँकेचं पुस्तक, घराचा करार, सगळे खरे कागद एका पिशवीत भरून नेले होते, ते तिच्या पेटीत ठेवले. ती नको नको म्हणत होती. "माझ्याकडे नको ताई, भावजींकडे दे." मी म्हटलं, ते स्वतःचा डबा बसमध्ये विसरतात. मी स्वतःच पेटी उघडली, स्वतःच बंद केली. आता कुणाचा हात तिथं पोचत नाही. बऱ्याच दिवसांनी जरा निवांत वाटलं.

तिच्या अंथरुणावर आडवी झाले. म्हटलं, तुझी बाई मजा, तुझं कसं लवकर आपोआप थांबलं, ना दवाखाना ना काही. ती नणंदेकडे महिनाभर जाऊन आली होती, वाळून काठी होऊन, तेव्हापासून थांबलं म्हणते. माझ्याच नशिबी हे.

तिनं दिवा बारीक केला आणि माझे पाय चेपत बसली. डोळा लागला.

गुरुवार, १३ मार्च

झेरॉक्सवाल्याशी भांडले. फार भांडले. माझे सगळे कागद त्याच्याच दुकानात निघतात, म्हणून मला वाटलं हाच. भर रस्त्यात म्हटलं, तू माझ्या कार्डाची जास्तीची प्रत काढून कुणाला विकलीस ते सांग. तो गरीब माणूस, तोंड उघडून बघत राहिला. त्याची म्हातारी आई आतून आली आणि म्हणाली, "बाई, तुमच्या कार्डाचं हा करणार काय? ह्याला तर गर्भाशय नाही."

लोक हसले. मग तो म्हणाला, "तुमचे कागद तुम्ही कधी आणता? तुमची बहीण आणते. तिला विचारा मी कधी जास्तीचा कागद ठेवला का."

विचारलं धाकटीला. तिनं माझा हात धरला. "ताई, त्याला काही बोलू नकोस. त्यानं काही केलं नाही. मी सांगते ना." एवढ्या ठामपणे तिला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं झालं म्हणायचं. उद्या जाऊन त्याची माफी मागायला हवी. मागीन. पण आधी उठता तर यायला हवं.

रविवार, १६ मार्च

दिवसभर पडून. धाकटी सकाळी येऊन सगळं करून गेली. मी नको म्हटलं तरी कपडेही धुतले. माझ्या कपड्यांवरचं रक्त बघून पाठ फिरवून उभी राहिली. हे म्हणाले, तुझी बहीण म्हणजे देवमाणूस. मी म्हटलं, मग, कुणाची आहे.

मंगळवार, १८ मार्च

आज बरंच लिहायचं आहे, पण हात जड आहे. थोडक्यात लिहिते.

सोनोग्राफी झाली. पडद्यावर बोचकं दिसलं. गाठीसकट. डॉक्टरीणबाईंनी तसं लिहून दिलं. तो कागद घेऊन खिडकीशी गेले. आज खिडकीतल्यानं माझं तोंड पाहिलं आणि आतून खुर्ची आणून दिली, म्हणजे तोंड फारच पांढरं झालं असणार.

तो म्हणाला, "मला पटलंय हो, बाई. पण नोंद मी पुसू शकत नाही. शुक्रवारी, २८ तारखेला सकाळी समिती बसते. तुमच्या नावावर जिनं ऑपरेशन करून घेतलं ती कोण, हे तिथं कळलं पाहिजे. कळलं तर त्याच दिवशी नोंद निघेल आणि मंजुरी मिळेल."

"आणि नाही कळलं तर?"

"तर कार्ड तुम्हीच दिलंत असं धरतील. कार्ड बंद होईल."

कार्ड बंद म्हणजे ऑपरेशन बंद. पदरचे पैसे घालून करायचं तर घर विकावं लागेल, आणि घर भाड्याचं आहे.

मी विचारलं, सापडली तर तिचं काय करतात? म्हणाला, स्वतःहून येऊन कबूल केलं तर खर्च हळूहळू कापून घेतात आणि सोडून देतात. पकडून आणावी लागली तर पोलीस. मी म्हटलं, पकडूनच आणा. फोडून काढा भवानीला.

आणखी एक गोष्ट. माझ्या नोंदीत रक्ताचा गट 'बी' असा लिहिलाय. माझा ओ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आम्ही रक्त देण्याआधी तपासतोच. पण तुम्ही कधी बेशुद्ध होऊन आलात, घाई असली, कुणी ह्या नोंदीवर विसंबलं, तर जिवावर बेतेल."

हे संध्याकाळी धाकटीला सांगितलं. ती ताटं पुसत होती. ताट हातातून पडलं आणि गोल फिरत राहिलं, तिनं ते थांबवलंही नाही.

"चुकीचं रक्त दिलं असतं तर तू..."

"तर मी गेले असते. माझ्या नावावर ती बाई मजेत जगली असती."

ती मोरीत गेली आणि खूप वेळ नळ चालू ठेवून बसली. मी ओरडले, पाणी कमी वापर, तुझ्या बापाची नदी नाही.

शुक्रवार, २१ मार्च

आज जे झालं ते लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही, आणि लिहूनही पडणार नाही.

कुणीच काही शोधत नाही म्हटल्यावर मीच नदीपलीकडच्या दवाखान्यात गेले. रेडिओ सोबत आली. रजा टाकली बिचारीनं, वाटेत तोंड मात्र बंद केलं नाही. तिथं बायकांच्या खोलीबाहेर बाकावर बसलो होतो. आतून साफसफाईवाली बाई आली आणि टेबलावरच्या नर्सबाईला म्हणाली, "आज किती बोचकी?"

नर्सबाई म्हणाली, "दोन. एक सकाळचं झालं."

मी ताडकन उठले. रेडिओला वाटलं मला चक्कर आली. मी विचारलं, "काय म्हणालात तुम्ही? बोचकी?"

नर्सबाई ओशाळली. "मनावर घेऊ नका हो मावशी. आमच्या इथली गंमत आहे. एक बाई होती, तिच्यापासून पडलं. शुद्धीवर येताना सारखी म्हणत होती, आई, उतरवलं गं बोचकं, उतरवलं. आधी हसायला आलं, मग नाही आलं. तेव्हापासून तोच शब्द चालतो."

"कोण बाई?"

"नाव कुठलं आठवतंय आता. दोन वर्षं झाली असतील. पण नावाचीच गंमत होती. नावानं हाक मारली तर ओ द्यायची नाही. मला वाटलं, कानानं कमी आहे. नंतर कळलं, बाकी सगळं ऐकू येतं, नावच ऐकू येत नाही."

"सोबत कोण होतं?"

"कुणी नाही. आठवडाभर कुणी भेटायला आलं नाही. बाकीच्यांकडे माणसं आली की भिंतीकडे तोंड करायची. जायच्या आधी आमच्या सगळ्यांच्या गणवेशांची सुटलेली शिवण घालून दिली तिनं, पडल्या पडल्या." एवढं बोलून ती माझ्याकडे बघत राहिली. "तुमच्यासारखीच दिसायची थोडी."

रेडिओ गप्प झाली होती. तिला असं गप्प मी आजवर पाहिलं नाही. येताना बसमध्ये एवढंच म्हणाली, "खिडकी उघडू का?"

मी म्हटलं, हा शब्द कुणीही काढू शकतं. बोचकं काय, सगळे म्हणतात.

ती म्हणाली, "हो. सगळे म्हणतात."

मी तरी कुणाला म्हणताना ऐकलेलं नाही.

रविवार, २३ मार्च

धाकटीकडे गेले. काही ठरवून गेले नव्हते. ती दोरीवरून चादर काढत होती. मी दुसरं टोक धरलं. लहानपणी आम्ही दोघींनीच घडी घालायची, आई कडेला उभी राहून कोपऱ्याला कोपरा जुळतोय का बघायची. चादरीला लांबून ओढायचं, मग एकमेकींकडे चालत यायचं.

पहिल्या घडीला ती म्हणाली, "उभी राहू नकोस ताई, बस." मी बसले नाही. दुसऱ्या घडीला तिचे हात माझ्या हातांना लागले तेव्हा विचारलं,

"आई गर्भाशयाला काय म्हणायची गं?"

तिच्या हातातून टोक सुटलं नाही. पण तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

"विसरले."

आईची प्रत्येक शिवी हिला तारीखवार आठवते. मला लग्नात कोणत्या आत्यानं काय टोमणा मारला तो मी विसरले, ही विसरली नाही. शेजारणीच्या मेलेल्या मांजराचं नाव आठवतं. आणि हे विसरली.

मी म्हटलं, "बरं."

चादर तिच्या हातात दिली आणि निघाले. ती दारापर्यंत आली. "ताई, जेवून जा." मी म्हटलं, भूक नाही. खोटं बोलले नाही.

पायऱ्या उतरताना एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसत गेली. नणंदेचा महिना. फोनवरचे आकडे. जुळलेला फोटो. आणि ते नको सांगूस, माझ्याकडे नको ठेवूस. कधीपासून सांगत होती ती मला, आणि मी मात्र रेडिओचं पोट तपासत बसले.

ह्यांना सांगितलं नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. चावले तर कुणाला दाखवायचं?

राग येतोय का म्हणून स्वतःलाच विचारून बघितलं. येतो, पण उठून उभा राहत नाही. माझ्यासारखाच थकलाय.

सोमवार, २४ मार्च

धाकटे,

ही वही मी तुझ्या पेटीत ठेवणार आहे, माझ्या बाकीच्या कागदांवर. आज तू कपडे द्यायला बाहेर जाशील तेव्हा. माझे सगळे कागद तूच वाचतेस, हाही वाच. पहिल्या पानापासून वाच. तुझ्याबद्दल मी काय काय लिहिलंय ते बघ आणि हस पाहिजे तर. मी वाचलं तर मला हसू आलं नाही.

मी मुद्दाम तोंडावर विचारत नाही. तोंडावर विचारलं तर तू रडशील, मग मी ओरडेन, मग तुझ्या गल्लीतले खिडक्या उघडतील, आणि मूळ गोष्ट राहून जाईल. असं आयुष्यभर झालंय.

तुलाही माझ्यासारखीच गाठ असणार, तिनं तू मेली असतीस, हे मला कळतं. नवरा गेलेला, तुझ्याकडे कार्ड नाही, कुठलाही दवाखाना दारात उभं करणार नाही. हेही कळतं. मागितलं असतंस तर मी दिलं असतं का, ते मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. आधी शिव्या दिल्या असत्या हे नक्की. पण त्यानंतर काय केलं असतं, ते बघायची तू मला संधीच दिली नाहीस. ती तू घेऊन गेलीस, कार्डाबरोबर.

नाव काय, माझं नाव तसं काही मोठं नाही. घरमालक विसरतो, मुकादम चुकीचं लिहितो. पण त्या नावामागं माझं पोट आहे, माझं रक्त आहे. मी तुझ्या नोंदीवर मरायला बसले आहे. कॉम्प्युटरमध्ये मी बरी झालेली आहे, आणि इथं मला जिना चढवत नाही. एका नावात आपण दोघी मावत नाही.

झेरॉक्सवाल्याची माफी मी मागून आले. त्यानं चहा दिला. त्याच्या आईनं विचारलं, सापडला का चोर? मी म्हटलं, अजून नाही. एवढं खोटं तुझ्यासाठी बोलले. यापुढचं बोलवणार नाही.

आता नीट वाच. शुक्रवारी सकाळी समिती आहे. खिडकीतला म्हणाला ते वर लिहिलंय, पुन्हा वाच. स्वतःहून आलीस तर सोडून देतात, हळूहळू कापून घेतात. पकडून आणली तर पोलीस. तेव्हा मी म्हटलं होतं फोडून काढा. ते खोडलेलं नाही, कारण तेव्हा मी तेच म्हटलं होतं. आज म्हणत नाही. तू आलीस तर मी तुझ्या शेजारी बाकावर बसेन. ते जे विचारतील ते दोघींना विचारतील. जे कापून घेतील त्यातलं अर्धं माझ्या चादरींतून जाईल. नावानं हाक मारतील तेव्हा या वेळी तुझ्या नावानं मारतील, आणि तू ओ देशील.

तू आली नाहीस तर तिथं उभं राहून मला दोनपैकी एक करावं लागेल. तुझं नाव सांगायचं, नाहीतर गप्प बसायचं. मी गप्प बसेन असं तुला वाटत असेल. मी जन्मात कधी गप्प बसले आहे का?

की बसेन? मला माहीत नाही. म्हणूनच विचारते. मला तिथं नेऊन हे ठरवायला लावू नकोस.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत उत्तर पाहिजे. फोनवर नको, फोनवर कोण काय वाचतं ते आता मला कळलंय. घरी ये. ह्यांची पाळी सुरू व्हायच्या आधी ये. नुसती मान हलवलेली चालणार नाही. तोंडानं सांग, येतेस की नाही. माझं पोट माझ्या नावावर परत करतेस की नाही.

आणि आणखी एक सांग. आठवडाभर तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस आणि मी दोन गल्ल्यांवर चादरींच्या घड्या घालत होते. बाकीच्यांकडे माणसं येत होती. कार्ड नेलंस, फोटो नेलास, नाव नेलंस. मला का नाही नेलंस सोबत?

गुरुवार. दिवा लागायच्या आत. दार लोटलेलं असेल, कडी लावलेली नसेल.